वाचून दाखवले, बरोबर आहे

आमचे सर निबंध तपासायला लाल शाई वापरत नसत. त्यांच्या टेबलावर जांभळ्या शाईचं स्टॅम्पपॅड असायचं, पत्र्याच्या डबीतलं. पावसाळ्यात ती डबी मेणकापडात गुंडाळलेली असायची. वही पुढे ठेवली की सर आधी शेवटचं पान उलटत. तिथं ‘वाचून दाखवले, बरोबर आहे’ एवढं लिहिलेलं आणि त्याखाली ज्या माणसाबद्दल निबंध लिहिला त्याची सही किंवा अंगठा असला, तरच ते पहिलं पान उघडत. नसला तर वही तशीच परत. ‘पहिला वाचक तो. मी दुसरा,’ म्हणायचे. या अंगठ्यापायी एका घराचं काय झालं ते मी जवळून पाहिलं. त्यात माझाही हात होता, हे आधीच कबूल करून टाकतो.

आणीबाणीच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. आमचं कॉलेज नवं होतं आणि कर्जत-खोपोली रस्त्यावरच्या एका बंद पडलेल्या भातगिरणीत भरायचं. भिंतींतून कोंड्याचा वास जात नव्हता. मुलं आजूबाजूच्या गावांतली, भातशेतीवाल्यांची, रेल्वेवाल्यांची. मी भिसेगावचा, वडील रेल्वेत पॉइंट्समन. आमच्या घरात लिहिणं म्हणजे मनिऑर्डरचा फॉर्म. अशा आम्हाला पहिल्या वर्षाला मराठी सक्तीचं होतं, आणि ते शिकवायला हे सर होते. उंच, खांदे पडलेले, आणि चिडके. खडू मोडला तरी चिडायचे.

लिहायला शिकवायच्या त्यांच्या तऱ्हा बाकीच्या प्राध्यापकांना वेडगळ वाटायच्या. निबंध लिहून झाला की पट्टी घेऊन पहिला परिच्छेद फाडायला लावायचे. ‘ते नुसतं घसा खाकरणं आहे. खरं बोलणं दुसऱ्या परिच्छेदात सुरू होतं.’ मग आम्ही फाडण्यासाठी म्हणून एक जास्तीचा परिच्छेद वर लिहू लागलो. ते त्यांनी ओळखलं आणि दोन फाडायला लावले. एकानं ‘निसर्गरम्य’ लिहिलं, तर त्याला वर्गाबाहेर काढून म्हणाले, ‘जा, रम्य काय दिसतं ते हातात घेऊन ये.’ तो गिरणीच्या मागून शेवाळ धरलेली वीट घेऊन आला. सर इतके खूश झाले की त्या दिवशी सगळ्या वर्गानं त्या विटेवर लिहिलं. बाजाराच्या दिवशी एका दुकानासमोर बसवून पाहिलेल्या वीस गोष्टी टिपून आणायला सांगायचे. आम्ही पाचजण वह्या घेऊन एका कापडवाल्यासमोर बसलो, तर त्याला वाटलं विक्रीकरवाले आले. बिचाऱ्यानं चहा पाजला. तो चहा एकविसावी गोष्ट म्हणून लिहिला, तर सरांनी त्याला जास्तीचा अर्धा मार्क दिला.

अंगठ्याची तऱ्हा कुठून आली, ते त्यांनी एकदाच सांगितलं. कॉलेजात येण्याआधी ते कुठल्याशा कचेरीत कारकून होते. लोकांचे जबाब लिहून घ्यायचं काम. जबाबाच्या खाली ‘वाचून दाखवले, बरोबर आहे’ असं लिहायचं आणि अंगठा घ्यायचा. ‘चार वर्षांत मी एकही जबाब कोणाला वाचून दाखवला नाही,’ सर म्हणाले. ‘कोणीच दाखवत नसे. अंगठा कोऱ्या कागदावर आधी घ्यायचा आणि जबाब मागाहून लिहायचा. माणसं बाहेर बाकावर बसलेली असत आणि आत आम्ही त्यांच्या तोंडी काय वाटेल ते घालत होतो.’ एवढं बोलून त्यांनी फळा पुसायला घेतला. फळ्यावर त्या दिवशी काही लिहिलेलं नव्हतं.

तर आम्ही वाचून दाखवू लागलो. मी वडिलांवर लिहिलं. ड्यूटीवरून आले की कसे ओरडतात, ते. वडिलांनी डोळे मिटून ऐकलं, म्हणाले, ‘मी असा वरडतो काय रं?’ आणि सही केली. नंतर चार दिवस घरात कोणी आजारी असल्यासारखे हळू बोलत होते. मला ते ओरडणंच बरं वाटू लागलं. तेव्हा मी ठरवलं, पुन्हा हा उद्योग करायचा नाही. पुढच्या निबंधावर स्वतःचाच अंगठा उठवला. हळूहळू सगळ्यांनीच तसं केलं. एकानं तर सारखा एकच ठसा नको म्हणून पायाचा अंगठा उठवला. सर शेवटचं पान बघत, मान हलवत आणि वाचायला घेत. आम्ही मागच्या बाकावर हसायचो.

खोटा अंगठा न उठवणारा वर्गात एकच होता, गोमा. घाटातल्या ठाकुरवाडी हॉल्टच्या वरच्या अंगाला ठाकर आदिवासींची एक वाडी आहे, तिथला. त्या वाडीतून कॉलेजात आलेला तो पहिलाच. पहाटे उठून हॉल्टवर उतरायचा, पॅसेंजर धरून कर्जतला यायचा, शाळेपासून तेच. आमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, अंगानं दणकट आणि बोलायला इतका कमी की हजेरीचं ‘हजर’सुद्धा हात वर करून द्यायचा. पण लिहायचा. सर त्याची वही घरी नेत. ‘याला शिकवायचं काय? याला फक्त आडवं यायचं नाही,’ असं मला एकदा म्हणाले होते. माझ्या वहीबद्दल असं कधी काही बोलले नाहीत, तेव्हा मला त्याचा थोडा हेवाही वाटत होता.

दिवाळीनंतर प्रवासवर्णन आलं. सर म्हणाले, ‘माथेरान नको. कुठं गेलात ते नको. काही उचलून नेलंत, असा प्रवास लिहा.’ पोरांनी भाताची पोती लिहिली, मी आत्याची ट्रंक. गोमानं साडेचार पानं लिहिली आणि शुद्धलेखन बघायला माझ्याकडे दिली. गिरणीच्या ओट्यावर बसून मी ती वाचली.

त्यात त्याची धाकटी बहीण होती. बारा वर्षांची. तीन-चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात ती तापानं फणफणली होती. सकाळच्या पॅसेंजरनं कर्जतच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून बापानं आणि यानं तिला डोलीत घातलं. डोली म्हणजे बांबूला बांधलेलं लुगडं. पुढे बाप, मागे गोमा. अर्ध्या वाटेत बाप थांबला, डोली टेकवली, तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाला, ‘संपली. चल मागारी.’ दोघं वळले. आणि वळल्यावर गोमाला लुगड्याच्या कडेतून तिची बोटं हललेली दिसली. एकदा नव्हे, तीन-चारदा. त्यानं लिहिलं होतं, ‘बाबा संपली म्हणाले म्हणून मी बोललो नाही. मी वाडीपर्यंत तिच्या बोटांकडे बघत चाललो. घराजवळच्या बांधावर ती हलायची थांबली.’ पुढे काही नव्हतं. हे त्यानं कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

मी वही मिटली. म्हटलं, ‘हे बापाला वाचून दाखवणार?’

‘सरांनी सांगितलंय ना.’

‘अरे, येड्या, आमी सगळे सोताचाच अंगठा उठवतो. तू पन उठव. सरांना काय कळतंय?’

तो वहीकडे बघत म्हणाला, ‘मंग बाबा संपली बोलले आनि मी गप रायलो, तसंच हे पन होईल.’

मला तेव्हा सरांकडे जाता आलं असतं. सर, याची वही अंगठ्याशिवाय घ्या, एवढंच सांगायचं होतं. पण सांगायला गेलो तर का म्हणून विचारतील, मग अंगठ्यांचं सगळंच बाहेर निघेल, माझ्यासकट. मी गेलो नाही. हे मी इतक्या वर्षांत सतरा प्रकारे स्वतःला समजावलंय आणि ते कुठल्याच प्रकारानं बरं दिसत नाही.

सोमवारी गोमानं वही टेबलावर ठेवली. शेवटच्या पानावर अंगठा होता, इतका दाबून उठवलेला की मागच्या पानावर उमटला होता. सरांनी मान हलवली, पहिलं पान उघडलं आणि उभ्या उभ्या वाचू लागले. दुसऱ्या पानाला ते खुर्चीवर बसले. वाचून झाल्यावर डोकं वर न करताच त्यांनी विचारलं.

‘वाचून दाखवलंस?’

‘हो.’

‘सगळं?’

‘सगळं.’

‘मग?’

‘बाबांनी अंगठा दिला. मंग कोयता घेऊन रानात गेले. शनवारी गेलेत. अजून आले नाय.’

सरांनी तास सोडला. आम्ही बाहेर आलो तेव्हा ते वही पुढे घेऊन तसेच बसले होते.

गोमा त्यानंतर कॉलेजात आला नाही. दोन आठवड्यांनी कळलं की तो साजगावला एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलाय आणि तिथंच कोणाच्या खोलीवर राहतोय. बाप चार दिवसांनी रानातून आला होता, पण घरात पाऊल टाकत नव्हता. शेतावर राखणीचा माळा होता, त्यावर राहायचा. गोमाची आई भाकरी नेऊन द्यायची. गोमा समोर आला की बाप उठून जायचा. शेवटी गोमा आईला म्हणाला, मी गेलो म्हणजे बाबा घरात येतील, आणि वह्या घरी ठेवून साजगावला गेला. बाप तरीही आला नाही.

सरांनी मला त्यांच्या खोलीवर बोलावलं. एकटेच राहायचे. मी जाऊन उभा राहिलो तर म्हणाले, ‘तुमचे अंगठे खोटे असतात, हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. तुझ्या एकाच अंगठ्याच्या तीन मावश्या आणि एक पोस्टमन आहे.’

मी अंगठा मुठीत लपवला.

‘मी कारकून होतो. रोज शंभर अंगठे बघत होतो.’ ते खिडकीकडे तोंड करून बोलत होते. ‘पण मी गप्प बसलो. का, ते ऐक. मला वाटलं, बरं आहे. साधंसुधं असेल ते वाचून दाखवतील, आणि ज्यानं कोणाला जखम होईल तिथं स्वतःचा अंगठा उठवतील. म्हणजे मी बिनधास्त काहीही लिहायला सांगू शकतो. तुमच्या खोटेपणावर भिस्त ठेवून मी तुम्हाला खरं लिहायला शिकवत होतो. आणि वर्गातला एक मुलगा माझ्यावर विश्वास ठेवणारा निघाला.’

मग माझ्याकडे वळले. ‘त्याचं घर दाखवशील?’

रविवारी आम्ही दोघं हॉल्टवर उतरून वाडीवर चढलो. सरांना दम लागत होता, पण थांबले नाहीत. गोमाचा बाप माळ्याखाली बसून बांबू तासत होता. वाळका, पिकलेल्या मिशांचा माणूस. सरांनी वाटेत मला सांगितलं नव्हतं की ते काय बोलणार आहेत. ते त्याच्यासमोर मातीत बसले आणि म्हणाले, ‘मी गोमाचा मास्तर. त्यानं जे वाचून दाखवलं, ते खरं नाही. कॉलेजात आम्ही गोष्टी बनवायला शिकवतो. जास्त मार्क मिळावेत म्हणून त्यानं बनवलं. चूक माझी आहे.’

एक शब्द खोटा लिहिला तर पान फाडणारे सर. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

बाप कोयता चालवत राहिला. मग म्हणाला, ‘बनिवलं नाय, मास्तर. बोटं हलत व्हती. मी बी बघितली. हात लावला तवाच मला कळलं व्हतं, जीव हाय.’

त्यानं बांबू उलटा फिरवून घेतला.

‘मी गाडीची शिटी आयकली व्हती. गाडी गेली. आता दुसरी पार सांजंला. ती सांजंपरेंत टिकत नव्हती, मला दिसत व्हतं. तिकडं फलाटावर, लोकांच्या पायात मरंल, त्यापरीस आयच्या मांडीवर मरू दे, म्हनलं. पोराला बोललो संपली. त्याला कशाला ते वझं? त्यानं बिनघोरी चालावं, म्हनून बोललो.’ त्यानं कोयता खाली ठेवला. ‘आन त्यो सगळं बघत व्हता. मागनं. इतकी वर्सं माज्या संगं जेवला, आन बघत व्हता. आता त्याच्या तोंडाकडं कसं बघू?’

‘हे त्याला सांगा,’ सर म्हणाले. ‘हे एवढं आत्ता बोललात, तेवढंच.’

‘मला नाय जमायचं.’ त्यानं माझ्या हातातल्या वहीकडे बोट केलं. ‘तुमी लिवा. त्यानं लिवलंय, तुमी बी लिवा. मी अंगठा देतो.’

मग सरांनी माझ्या वहीतला कागद मांडीवर घेतला आणि लिहायला बसले. आम्हाला चार वर्ग शिकवता येतील एवढं लेखन ज्यांच्या डोक्यात होतं, त्यांना एक पान लिहायला दुपार झाली. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. मध्येच बापानं हात वर केला. ‘मला लय दुख झालं, असं मी कुटं बोललो? ते काढा.’ सरांनी ते खोडलं. आणखी दोन ठिकाणी खोडायला लागलं. पुन्हा सगळं वाचलं, तेव्हा बाप ‘बराबर हाय’ म्हणाला आणि सरांनी खिशातून डबी काढली.

त्या कागदाखाली पुढं गोमाचीही सही झाली, हे आताच सांगून टाकतो. सरांनी सही झालेला कागद पुन्हा वाडीवर नेला. बापानं ती सही बोटानं चाचपून बघितली आणि त्या दिवशी तो घरात जेवला. गोमा रविवारी रविवारी घरी जाऊ लागला. कॉलेजात मात्र परत आला नाही. कारखान्यातच राहिला.

सरांनी त्यानंतर पॅड वर्गात आणलं नाही. परिच्छेद फाडायला लावणंही बंद झालं. पुस्तक उघडून नोट्स सांगू लागले आणि आम्ही त्या उतरवून घेऊ लागलो. ‘माझे आवडते पर्यटनस्थळ’ हा निबंध त्यांनी फळ्यावर स्वतः लिहून दिला, त्यात दोनदा ‘निसर्गरम्य’ होतं. कॉलेजचा निकाल सुधारला. नंतरच्या मुलांना ते साधे, गरीब स्वभावाचे सर म्हणून आठवतात. कोणी तसं म्हटलं की मला अजून राग येतो. कशाचा ते नीट सांगता येत नाही. निवृत्तीनंतर मी त्यांना भेटायला जायचो, तर एकदा म्हणाले, ‘तीस वर्षांत मी एकच पान धड लिहिलं. पण तेवढं बाकी पूर्ण खरं होतं.’ मी हो म्हणालो.

ती सही कशी झाली, ते त्यांना मी कधी सांगितलं नाही.

वाडीवरून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही साजगावला गेलो. जेवणाच्या सुट्टीत गोमा गेटबाहेर आला. अंगावर लोखंडाचा चुरा, डोळे लाल. सरांनी कागद पुढे केला, तर म्हणाला, ‘तुमी लिवलंय, सर. तुमीच वाचून दाखवा.’ सरांनी गेटच्या भिंतीला टेकून वाचलं. आत यंत्रं चालू होती, त्यामुळे मोठ्यानं वाचावं लागत होतं. जाणारेयेणारे बघत होते. ‘मी गाडीची शिटी ऐकली. गाडी गेली,’ हे वाक्य आलं तेव्हा गोमानं एकदम मान वर केली. सर शेवटपर्यंत वाचत गेले. मग त्यांनी विचारलं, ‘बरोबर आहे?’

गोमा कागद हातात घेऊन उभा राहिला. मला वाटलं, तो रडेल किंवा फाडेल. त्यानं सरांच्या खिशातलं पेन मागून घेतलं, बापाच्या अंगठ्याशेजारी स्वच्छ अक्षरात ‘बरोबर आहे’ लिहिलं आणि सही केली. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्यापैकी कोणाला त्यांनी कधी असा हात लावला नव्हता. डोळे पुसून म्हणाले, मी पुढे होतो, एस.टी. येईल, आणि लगबगीनं स्टॉपकडे गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांची चाल हलकी दिसली.

मी गोमाजवळ थांबलो. विचारलं, ‘शिटीचं आलं तेव्हा दचकलास काय रं?’

त्यानं सर लांब गेल्याची खात्री केली.

‘ती पाशिंजरची शिटी नव्हती. मालगाडी घाटात चढवायला मागून इंजिनं लावतात ना, त्यांची व्हती. बाबाला त्यातलं कळत नाय, ते कदी गाडीत बसलेच नाय. मी रोज त्याच हॉल्टवर उभा असायचो, मला लांबून कळते.’ तो लोखंडाचा चुरा तळहातावरून झटकत राहिला. ‘पाशिंजर त्या दिवशी लेट व्हती. आमी घरी पोचलो, तिला खाली ठेवली, तवा गाडीची शिटी वाजली. मला तवा काय म्हाईत, बाबा शिटीपायी वळले?’

म्हणजे ते तसेच खाली गेले असते तर गाडी मिळाली असती. मी हे बोललो नाही. त्याला ते माझ्याआधी कळलेलं होतं.

‘मग बरोबर आहे म्हणून सही कशाला केलीस?’

‘बाबानं शिटी आयकली, ते बराबरच हाय की,’ तो म्हणाला. ‘बाकीचं आता माज्याजवळ राहू दे. तू लिवू नको कुटं.’

बापही गेला, सरही गेले. गोमा गेल्या साली वारला. वाचून दाखवायला कोणी उरलं नाही, तेव्हा मी हे लिहिलं.